शेजारच्या घोड्यास खाऊ घालताना

गावात बैल, गाई, म्हशी व शेळ्या यांची संख्या मोठी असते. घोडे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आढळतात. सन २०१२ च्या पशुगणनेत भारतात घोडे व तट्टे मिळून सुमारे ६ लाख २५ हजार होती; सन २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४२ हजारांवर आली. घोडा असा दुर्मिळ होत गेल्याने त्याच्या खाण्यापिण्याविषयीचे जे ज्ञान पूर्वी घरोघरी होते, तेही ओसरत चालले आहे. घोड्याविषयीचा जिव्हाळा मात्र ओसरलेला नाही. दारावरून घोडे जाऊ लागले की मुले भाकरीचा तुकडा घेऊन धावतात आणि वडील माणसेही कौतुकाने ओंजळभर दाणे पुढे करतात. या प्रेमाचे पर्यवसान कधी कधी मुक्या जनावराच्या प्राणांतिक वेदनेत होते. ते कसे टाळावे, हा या पाठाचा विषय आहे.

शेजारचे घोडे कोणते?

महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या शेजारी घोडा येतो तो बहुधा चार प्रकारे. पहिला, मेंढपाळांच्या वाड्याबरोबर येणारी तट्टे. दख्खनच्या पठारावरील धनगर बांधव दिवाळीच्या सुमारास मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरतात व पावसाळ्यापूर्वी परत फिरतात. वाटेत ते शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवितात. शेतास लेंडीखत मिळते व वाड्यास धान्य अथवा पैसा मिळतो. त्यांची घोडी ही बहुतांशी भीमेच्या खोऱ्यातील काटक भीमथडी जातीची असतात. दुसरा, लग्नाच्या वरातीसाठी पाळलेला घोडा. तिसरा, माथेरान-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी प्रवाशांना फिरविणारा घोडा. चौथा, हौसेने पाळलेला अथवा नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या बाजारातून आणलेला घोडा.

या चारही घोड्यांवर कोणाचे तरी पोट अवलंबून असते किंवा कोणाची तरी मोठी रक्कम गुंतलेली असते. म्हणून शेजारच्या घोड्यास काही देणे ही केवळ कौतुकाची बाब नसून ती जबाबदारीचीही बाब आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

एक उदाहरण

समजा, एका शेतकऱ्याच्या पडीक रानात मेंढपाळांचा वाडा दोन रात्रींसाठी उतरला आहे. वाड्यात एक घोडी आहे. पाल, भांडीकुंडी, धान्याच्या गोण्या, नुकतीच जन्मलेली कोकरे, एवढेच नव्हे तर चालू न शकणारे लहान मूलही तिच्याच पाठीवरून जाते. तिचे वजन सुमारे २०० किलो आहे. सायंकाळी वस्तीवरील वीस मुले जमतात. प्रत्येक मूल घरून दोन मुठी जोंधळे आणून घोडीपुढे टाकते. कोणीही फार दिले नाही. प्रत्येकाने दोनच मुठी दिल्या.

आता हिशेब करू. एक मूठ सुमारे ५० ग्रॅम धरल्यास वीस मुलांच्या चाळीस मुठी म्हणजे २ किलो जोंधळे होतात. जोंधळ्यात सुमारे दोन तृतीयांश भाग पिष्टाचा असतो. म्हणजे घोडीच्या पोटात एका वेळी सुमारे १,३०० ग्रॅम पिष्ट गेले. घोड्यास एका वेळी त्याच्या वजनाच्या दर किलोमागे २ ग्रॅमपेक्षा अधिक पिष्ट देऊ नये, असे पशुआहारशास्त्र सांगते. आणि १ ग्रॅमच्या आत राहणे अधिक सुरक्षित मानले जाते. २०० किलोच्या घोडीस ही वरची मर्यादा ४०० ग्रॅम होते. तिच्या पोटात गेले ते याच्या तिपटीहून अधिक. जी घोडी वर्षभर रानातील गवतावर राहिली, तिला दाण्याची सवयही नव्हती.

अशी घोडी त्या रात्री पोटशुळाने लोळू लागणे किंवा एक-दोन दिवसांत तिच्या खुरांना सूज येऊन ती जागची न हालणे, हे दोन्ही संभवते. वाड्याचा मुक्काम मात्र वाढविता येत नाही. मेंढ्यांना पुढच्या रानाची चाऱ्यासाठी गरज असते. घोडी उभी राहिली नाही, तर सारा संसार माणसांच्या डोक्यावर येतो. दोन मुठी जोंधळ्यांची ही किंमत आहे, आणि ती देणाऱ्यापैकी कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता.

घोड्याचे पोट बैलाच्या पोटासारखे नाही

शेतकऱ्यास बैलाची पूर्ण माहिती असते व तीच तो घोड्यास लागू करतो. येथेच चूक होते. बैल हा रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटाचे चार कप्पे असून खाल्लेली वैरण पहिल्या मोठ्या कप्प्यात साठते, आंबते, पुन्हा तोंडात येते व चघळली जाते. घोड्याचे जठर एकच व शरीराच्या मानाने लहान असते. मोठ्या घोड्याच्या जठरातही सुमारे ८ ते १५ लिटरच मावते. म्हणून निसर्गाने घोड्यास दिवसभर थोडे थोडे चरण्यासाठी घडविले आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. घोड्यास वांती होत नाही. अन्ननलिका जठरास जेथे मिळते, तेथील स्नायूंची पकड इतकी घट्ट असते की जठरात गेलेला पदार्थ पुन्हा वर येऊ शकत नाही. मनुष्य किंवा कुत्रा अपथ्य झाल्यास ओकून मोकळा होतो. घोड्यास ती सोय नाही. जे गेले ते पुढेच सरकले पाहिजे. जठरात वायू दाटला तर ते फाटण्यापर्यंत मजल जाते.

तिसरी गोष्ट अशी की, घोड्याच्या वैरणीतील तंतू शेवटी, मोठ्या आतड्यात, सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने पचतात. दाण्यातील पिष्ट व गुळातील साखर ही त्यापूर्वीच लहान आतड्यात पचावी लागतात. मात्रा अधिक झाली की न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात उतरते, तेथे झपाट्याने आंबते व आम्ल तयार होते. उपयुक्त जंतू मरतात, विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात आणि त्यांचा परिणाम खुरांच्या आतील नाजूक पडद्यांवर होतो. पोटातील बिघाडाने पाय जावेत, हे ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. परंतु घोड्याच्या बाबतीत ते नित्य घडणारे सत्य आहे.

पहिला नियम: धन्यास विचारावे

धन्याच्या अनुमतीवाचून शेजारच्या घोड्यास गवताची काडीही देऊ नये. वरवर निरोगी दिसणाऱ्या घोड्यास पूर्वी खुरांचा विकार झालेला असू शकतो; अशा घोड्यास गुळाचा खडाही बाधक होतो. म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा झिजलेल्या असतात व त्याला कठीण पदार्थ चावत नाहीत. एखाद्यास औषध चालू असते, एखाद्यास पशुवैद्याने उपाशी ठेवण्यास सांगितलेले असते. हे सारे धन्यास ठाऊक असते, शेजाऱ्यास नसते.

धनी नको म्हणाला तर राग मानू नये. आपल्या तान्ह्या मुलास परक्याने काही भरविण्याआधी आई विचारणा अपेक्षिते, तसेच हे आहे.

काय द्यावे

अनुमती मिळाल्यावर पुढील पदार्थ अल्प प्रमाणात देता येतात.

१. ताजी कापलेली हरळी किंवा स्वच्छ हिरवे गवत. सर्वांत उत्तम व सर्वांत स्वस्त खाऊ हाच होय. गवत त्याच दिवशी कापलेले असावे. ढीग करून ठेवलेले व आतून गरम झालेले गवत देऊ नये.

२. गाजर. ते धुऊन लांबट उभ्या फोडी करून द्यावे. गोल चकत्या करू नयेत. चकती न चावता गिळली जाऊन घशात अडकते.

३. सफरचंद किंवा पेरू, फोडी करून. केळे सोलून तुकडे करून. कलिंगडाची स्वच्छ साल बारीक कापून.

४. हरभरा द्यावयाचा असल्यास तो रात्रभर भिजवून फुगलेलाच द्यावा आणि तोही धन्याच्या हातून, त्याच्या चंदीचा भाग म्हणून. कोरडा हरभरा अधाशी घोडा भराभर गिळतो. तो घशात तुंबतो किंवा पोटात फुगतो.

५. गूळ, धन्याने सांगितल्यासच, सुपारीएवढा खडा.

प्रमाणाविषयी सोपा नियम असा की, लहान चणीच्या तट्टास दिवसभरात सर्व मिळून पाव किलोपेक्षा अधिक फळ-गाजर देऊ नये. येथे ‘सर्व मिळून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रमाण घोड्यासाठी असते, देणाऱ्या प्रत्येक माणसासाठी नसते.

काय देऊ नये

१. ज्वारी, बाजरी, गहू, मका, तांदूळ यांचे दाणे अथवा पीठ. कणकेचा गोळा तर मुळीच देऊ नये.

२. भाकरी, पाव, शिळा भात, पुरणपोळी, जिलबी, लाडू, पेढे. दसऱ्यास घोड्याची पूजा करण्याची व वरातीत घोड्याचे तोंड गोड करण्याची प्रथा आहे. कुंकू लावावे, फुले वाहावी. गोड पदार्थ मात्र ताटातच ठेवावा व नंतर माणसांनी खावा.

३. कांदा व लसूण. भाव पडले की कांद्याचे ढीग बांधावर टाकले जातात. कांद्यातील द्रव्यांमुळे घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व पंडुरोग होतो.

४. कोबी व फ्लॉवरचा पाला, ज्याने पोटात वायू धरतो. हिरवा बटाटा, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला, जे विषारी असतात.

५. ज्वारीची कोवळी धाटे व खोडव्याचे फुटवे. यांत जनावरास मारक असे द्रव्य असते. घोड्यास असा चारा वारंवार मिळाल्यास मूत्राशयाचा विकार जडतो व मागचे पाय लुळे पडतात.

६. आंब्याची कोय व बोराची आठळी, ज्या घशात अडकतात.

७. बुरशी धरलेले कोणतेही अन्न. बुरशी लागलेल्या मक्यातील विष घोड्याच्या मेंदूस इजा करते व त्यावर खात्रीचा उपाय नाही.

८. देवळातील निर्माल्य. त्यात कण्हेरीची व पिवळ्या कण्हेरीची म्हणजे बिट्टीची फुले-पाने असतात. ही दोन्ही हृदयास घातक विषे आहेत. एरंडीच्या बिया व धोतरा हेही तसेच विषारी होत.

९. गाई-म्हशींचे व कोंबड्यांचे तयार खाद्य. या बाबीस विशेष महत्त्व द्यावे. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन किंवा त्या जातीची औषधे मिसळलेली असतात. कोंबडीस व गाईस ती ठरावीक मात्रेत चालतात. घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्यांच्या अल्प मात्रेनेही निकामी होतात. ‘गाईला चालते तर घोड्याला का चालू नये’ हा तर्क येथे प्राणघातक ठरतो. युरिया प्रक्रिया केलेली वैरणही रवंथ करणाऱ्या जनावरांसाठीच असते. ती घोड्यास घालू नये.

कसे द्यावे

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यामुळे त्याला दोन्ही अंगांचे दूरवर दिसते. परंतु अगदी पाठीमागचे व थेट नाकाखालचे दिसत नाही. तोंडाजवळ आलेला पदार्थ तो ओठांनी व मिशांनी चाचपून ओळखतो. तो बोट चावतो ते बहुधा द्वेषाने नव्हे, तर ते गाजर आहे की बोट हे न दिसल्यामुळे.

म्हणून घोड्याकडे जाताना मागून किंवा अगदी समोरून जाऊ नये. डाव्या खांद्याच्या बाजूने, त्यास दिसेल असे, शांतपणे बोलत जावे. खाऊ तळहातावर ठेवून हात पूर्ण उघडा व सपाट धरावा. अंगठा बोटांना चिकटवून ठेवावा. चिमटीत धरून देऊ नये. दोर हातास किंवा मनगटास गुंडाळू नये. घोडा दचकल्यास माणूस फरफटत जातो. लगाम घातलेल्या, ओझे लादलेल्या अथवा धावून घामाघूम झालेल्या घोड्यास काही देऊ नये. मोकळ्या सोडलेल्या अनेक घोड्यांमध्ये शिरून एकासच खाऊ देणे धोक्याचे असते. बाकीचे घोडे ईर्ष्येने लाथा झाडतात व लाथ मधल्या माणसास लागते. शिंगरू जवळ असलेल्या घोडीपाशी जाऊ नये. लहान मुलांनी मोठ्या माणसावाचून घोड्याजवळ जाऊच नये.

हाताने वारंवार खाऊ मिळणारा घोडा पुढे येणाऱ्या प्रत्येकाचा हात व खिसा हुंगू लागतो व न मिळाल्यास चावतो. वरातीच्या घोड्यास ही खोड लागली तर त्याच्या धन्याचा धंदा बसतो. यावर चांगला उपाय म्हणजे खाऊची पाटी. धन्याने घोड्यापासून दूर, झाडास एक पाटी टांगावी. ज्यास काही द्यावयाचे असेल त्याने ते पाटीत ठेवावे. धनी ते निवडून, योग्य तेवढेच, योग्य वेळी, आपल्या हाताने तोबऱ्यात किंवा टोपल्यात घालील. मुलांची हौस पुरी होते व घोडाही सुखरूप राहतो.

घोड्याच्या नाकातून पू येत असेल किंवा अंगावर गाठी व जखमा असतील, तर त्याच्याजवळ जाऊ नये. ग्लँडर्स नावाचा रोग अशा लक्षणांनी प्रकट होतो व तो माणसासही जडतो. कोणत्याही घोड्यास हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. घोडा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने बराच वेळ धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. धनुर्वात व पिसाळरोग या दोहोंच्या प्रतिबंधाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

चूक घडल्यास काय करावे

सर्वांत मोठी चूक म्हणजे झालेली चूक लपविणे. घोड्याने काय खाल्ले, किती खाल्ले व केव्हा खाल्ले, हे धन्यास तत्काळ सांगावे. पशुवैद्यास उपचारासाठी हीच माहिती सर्वांत अधिक उपयोगी पडते. मुलांकडून चूक झाली असल्यास त्यांना आधी मारू नये. मार खाण्याच्या भीतीने मूल खरे सांगत नाही आणि मोलाचा वेळ जातो.

पोटशुळाची लक्षणे: घोडा खाणे सोडतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, पुन्हा पुन्हा बसतो-उठतो, लोळतो, त्यास घाम सुटतो व लीद थांबते.

घशात अडकल्याची लक्षणे: मान लांब ताणतो, खोकतो व नाकावाटे लाळ आणि चघळलेले अन्न बाहेर येते.

खूरदाहाची लक्षणे: खूर गरम लागतात, घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतो व चालण्यास नाखूश असतो.

यांपैकी काहीही दिसल्यास समोरील सर्व अन्न काढून घ्यावे. घशात अडकले असल्यास पाणीही काढून घ्यावे. घशात काठी किंवा नळी घालू नये. बांबूच्या कांड्याने अथवा बाटलीने तेल, काढा, सोडा यांपैकी काहीही पाजू नये. ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा दाह होतो. पोटशूळ असलेला घोडा चालण्यास राजी असेल तर त्यास सावकाश फिरवावे. बळाने पळवू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी दूरध्वनी करता येतो.

घोड्याने पोतेच फोडून दाणे खाल्ले असतील, तर लक्षणांची वाट पाहू नये. खुरांची सूज दिसेपर्यंत एक-दोन दिवस जातात आणि तोवर आतील हानी होऊन गेलेली असते. प्रकृती ठीक दिसत असली तरी पशुवैद्यास त्याच क्षणी बोलवावे.

ग्रामसेवकांनी हा पाठ कसा द्यावा

मेंढपाळांचे वाडे येण्यापूर्वी किंवा लग्नसराईच्या आरंभी हा विषय गावसभेत व शाळेत घ्यावा. प्रथम एका मुठीतील जोंधळे तराजूत तोलून दाखवावेत. नंतर वीस मुलांस पुढे बोलावून प्रत्येकास दोन मुठी एका पाटीत टाकण्यास सांगावे व ती पाटी तोलावी. पाटीचे वजन पाहून मुलांस जे कळते, ते तासभराच्या व्याख्यानानेही कळत नाही. त्यानंतर गाजराची चकती व उभी फोड शेजारी ठेवून फरक समजावावा आणि सपाट तळहात कसा धरावा हे प्रत्येकाकडून करवून घ्यावे. शक्य असल्यास वाड्यातील एखाद्या जाणत्या मेंढपाळास बोलण्याची विनंती करावी. घोड्याविषयीचे त्याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे असते, आणि पाहुण्याच्या तोंडून ऐकलेले मुले विसरत नाहीत.

थोडक्यात

धन्यास विचारल्यावाचून देऊ नये. दाणे, शिजलेले अन्न व गोड पदार्थ देऊ नयेत. गाई-कोंबड्यांचे खाद्य घोड्यापासून दूर ठेवावे. द्यावयाचे ते हरळीची मूठ किंवा गाजराची उभी फोड, सपाट तळहातावरून अथवा पाटीतून. चूक झाल्यास लपवू नये.

आपल्या रानात उतरलेली घोडी ही आपली नसली, तरी ती आपल्या शिवारात असेपर्यंत तिची काळजी हे आपलेही कर्तव्य आहे. वाडा पुढे निघेल तेव्हा ती ओझे घेऊन आपल्या पायांनी चालत निघाली, म्हणजे शेजारधर्म पुरा झाला असे समजावे.